चुकलेला छाप की दाबलेला? माधवराव महाराजांच्या एका पाव आण्याविषयी

मंडळाच्या गेल्या बैठकीत आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी नाण्यांवर निबंध वाचला. त्यांना इथे नुसतं काका म्हणतो, बैठकीत सगळेच म्हणतात. निबंधाचा मुख्य मुद्दा एका नाण्याभोवती होता. माधवराव महाराज शिंदे यांचा संवत १९७० चा, म्हणजे इ. स. १९१३ चा तांब्याचा पाव आणा. एका बाजूला शिंदेशाही पगडीतला महाराजांचा मुखवटा, नेहमीसारखा. दुसऱ्या बाजूला सूर्य आणि नाग असलेलं राज्यचिन्ह असायला हवं, तिथे तोच मुखवटा पुन्हा, पण उलटा आणि आत दबलेला, आरशात पाहिल्यासारखा. काकांचे पणजोबा दरबारच्या टांकसाळीत कामाला होते, हे नाणं तिथे चुकून असं पडलं आणि त्यांनी आठवण म्हणून घरी आणलं, अशी घरातली हकीकत. निबंधाचा निष्कर्ष असा की ही टांकसाळीची अस्सल चूक आहे आणि मंडळाच्या येत्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हेच नाणं छापावं.

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग मी काकांना विचारलं, नाणं काही दिवस माझ्याकडे देता का? त्यांनी रुमालात गुंडाळून दिलं. अकरा दिवस ते माझ्या टेबलावर होतं. निबंधावरचं हे टिपण त्या अकरा दिवसांतून आलं आहे आणि काकांनी ते छापण्याआधी वाचलं आहे.

आधी निबंधात काय चांगलं आहे ते सांगतो, कारण ते थोडं नाही. आपल्याकडे नाण्यांवर बोलणारे बहुतेक लोक किमतीवर बोलतात. काकांनी किंमत एकदाही काढली नाही. नाणं घरात कोणाकडून कोणाकडे आलं, कुठल्या डब्यात राहिलं, १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं तेव्हा घरात काय बोलणं झालं, हे त्यांनी आठवून लिहिलं. ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळणार नाही. माझा आक्षेप आठवणींवर नाही. त्या आठवणींना जो पुरावा म्हणून बांधलाय त्यावर आहे.

निबंधाची सुरुवातच घसरते. काकांनी मुख्य नाण्याआधी 'चुकीची' म्हणून आणखी काही नाणी दाखवली. त्यात किल्ल्याच्या टांकसाळीचा म्हणून एक जाड पैसा होता, ज्यावर फारसी लेख अर्धाच दिसतो आणि टांकसाळीचं नाव काठाबाहेर गेलंय. 'छाप सरकलेला' असं त्यांनी त्याखाली लिहिलं होतं. हा छाप सरकलेला नाही. तो तसाच पडायचा. शिंद्यांच्या काळातली जुनी रुपये-पैसे हातठशाची आहेत: खाली एक ठसा पक्का बसवलेला, वर दुसरा कारागिराच्या हातात, मध्ये चकती, आणि वरून घण. ठसा चकतीपेक्षा मोठा खोदलेला असे. साहजिकच प्रत्येक नाण्यावर लेखाचा एक तुकडाच उमटायचा, दर वेळी वेगळा. म्हणून तर ही नाणी ओळखताना आपण नावापेक्षा चिन्हांवर जास्त भिस्त ठेवतो, त्रिशूळ, नाग, 'श्री', एखादं अक्षर. तांब्याच्या पैशांत तर चकतीही धड गोल नसते. कुठे चौकोनी, कुठे काठ फाटलेला. घणाचा दुसरा घाव बसताना चकती हलली तर लेख दुहेरी दिसतो, आणि तेही रोजचंच.

थोडक्यात, ज्या पद्धतीत नाणी एकसारखी पडणं अपेक्षितच नव्हतं, तिथे वेगळेपणाला चूक म्हणता येत नाही. चूक म्हणायला आधी नियम लागतो. यंत्रावर, कड धरणाऱ्या कड्यात पडलेल्या नाण्याला तो नियम असतो: इतका व्यास, इतकं वजन, छाप मध्यभागी. हातठशाच्या नाण्यालाही वजनाचा आणि धातूचा नियम होता, रुपयाच्या बाबतीत तर सराफ तो डोळ्यांत तेल घालून तपासत. पण छाप कुठे बसला याची फिकीर ना टांकसाळीला होती ना बाजाराला. हीच गोष्ट बादशहाच्या नावाची. दुसरा शाह आलम १८०६ साली गेला, दुसरा अकबर १८३७ साली. त्यांची नावं मेल्यानंतरही कितीतरी संस्थानांच्या नाण्यांवर चालत राहिली. नाव आणि साल जुळत नाही म्हणून कोणी 'चुकीचं नाणं' म्हणून विकायला काढलं तर हसून पुढे जावं.

सालावरून आठवलं. मागे एका गृहस्थांनी याच संवत १९७० च्या पाव आण्याचा फोटो मला दाखवून अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "१९७० साली महाराजांचं नाणं कसं? टांकसाळीनं साल चुकवलं का?" विक्रम संवतातून ५७ वजा करा, एवढंच उत्तर होतं. ते जरा खट्टू झाले.

आणखी एक. त्याच छापाचा एक पातळ पाव आणा काकांनी 'चुकीच्या चकतीवर पडलेला' म्हणून मांडला आहे. या नाण्याचे जाड आणि पातळ असे दोन्ही प्रकार संग्राहकांना चांगले माहीत आहेत. दोन्ही भरपूर सापडतात. तो मुद्दा निबंधातून काढून टाकावा.

आता मुख्य नाणं. काका ज्याला टांकसाळीची चूक म्हणतात त्या प्रकाराला कॅटलॉगवाले ब्रोकेज म्हणतात आणि आपल्याकडचे नाण्यांचे व्यापारी 'लखी'. ती होते कशी ते नीट समजलं पाहिजे, कारण सगळा निवाडा त्यावर आहे. ठशांमध्ये एक नाणं पडतं आणि बाहेर न जाता एका ठशाला चिकटून राहतं. लगेच दुसरी कोरी चकती आत येते. आता तिच्या एका बाजूला खरा ठसा आहे आणि दुसऱ्या बाजूला ठशाच्या जागी ते चिकटलेलं नाणं. दाब पडतो. एका बाजूला नेहमीचा छाप उठतो, दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचा उठाव आत दबून उलटा उमटतो. म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, एक उठावाचं आणि एक खोलगट. चिकटलेलं नाणं आणखी काही फटके तिथेच राहिलं तर ते पसरत जातं, आणि पुढच्या चकत्यांवरचं खोलगट चित्र मोठं आणि धूसर होत जातं. हे हातठशातही होतं, यंत्रावरही होतं, रोमन नाण्यांतही आहे आणि व्हिक्टोरिया राणीच्या पाव आण्यांतही.

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'कोरी'. चकती कोरी होती. तिच्यावर राज्यचिन्हाचा ठसा कधी पडलाच नाही. खऱ्या लखीच्या खोलगट बाजूला म्हणूनच मूळ चित्राचा मागमूस नसतो.

निबंधातला पहिला पुरावा वजनाचा आहे. काकांनी सोनाराच्या काट्यावर वजन केलं, ते घरातल्या बाकीच्या पाव आण्यांइतकंच भरलं, 'म्हणजे नाणं अस्सल' असं लिहिलं. नाणं अस्सल आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण लखी असो किंवा मागाहून कोणी दाबलेलं असो, तांबं तेवढंच राहतं. दोन्ही बाजूंना सारखंच लागू पडणारा पुरावा हा पुरावाच नव्हे. वजनानं ओतीव नक्कल पकडली जाईल, पोकळ केलेलं नाणं पकडलं जाईल. इथे त्याचा उपयोग नाही.

दुसरा पुरावा असा की 'हातानं तांब्यावर इतका खोल ठसा उमटवणं शक्य नाही'. शक्य आहे, आणि फार सोपं आहे. दोन पाव आणे घ्यायचे. एकाच्या राज्यचिन्हावर दुसऱ्याचा मुखवटा ठेवायचा. दोन्ही व्हाइसमध्ये, इकडच्या कारखान्यांत ज्याला बाँक म्हणतात त्यात, धरायचे आणि दांडा आवळायचा. तांबं मऊ असतं. मी हे माझ्याकडच्या दोन घासून गेलेल्या पैशांवर करून पाहिलं (वाचकांनी चांगल्या नाण्यांवर करू नये, आणि चालू चलनावर तर मुळीच नाही). पाच मिनिटांत 'लखी' तयार. लांबून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही.

जवळून मात्र कळतो. काकांचं नाणं मी खिडकीशी, सकाळच्या तिरप्या उन्हात, दहापट भिंगाखाली धरलं. उलट्या पगडीच्या दोन्ही अंगांना, जिथे खोलगटपणा संपतो तिथे, चपट्या झालेल्या वळणदार रेषा आहेत. एका बाजूची रेषा वर जाऊन फण्यासारखी रुंदावते. ते नाग आहेत. मुखवट्याच्या खाली, हनुवटीच्या पुढच्या भागात, काठाजवळची अक्षरं अर्धी चेपलेली पण वाचता येण्याजोगी आहेत आणि ती सुलटी आहेत. लखीवर ती उलटी आणि खोल असायला हवी होती. खोल छापही सगळीकडे सारखा नाही: एका अंगाला मुखवट्याबरोबर काठाची थोडी अक्षरं उमटलीत, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. दाब तिरका पडल्याची ती खूण.

मग सुलटी बाजू. निबंधात तिच्याविषयी एकच वाक्य आहे, 'वापराने झिजलेली'. झिजलेल्या नाण्याचा उंच भाग गुळगुळीत आणि गोलसर होतो, बोटांनी आणि दुसऱ्या नाण्यांनी घासून. इथे गालाचा आणि पगडीचा माथा सपाट आहे, आणि सपाटीची कड एकदम तुटते, जणू डोंगराचं पठार. त्या पठारावर बारीक समांतर ओरखडे आहेत, सगळे एका दिशेला. पठाराच्या खालचे बारकावे मात्र शाबूत. वापरात गेलेलं नाणं असं दिसत नाही. ही बाजू व्हाइसच्या जबड्याला टेकलेली होती.

इथे कोणी जाणकार एक हरकत घेईल, आणि ती मीही स्वतःला घेतली. समजा एकदा नीट पडलेलं नाणं पुन्हा ठशांत गेलं, आणि त्या वेळी वर दुसरं नाणं चिकटलेलं होतं? मग खोलगट बाजूला नागांचे अवशेष राहतीलच की. बरोबर आहे, राहतील. पण त्या वेळी सुलट्या बाजूवर खरा ठसा दुसऱ्यांदा पडलेला असेल. मुखवटा तरी दुहेरी दिसेल, किंवा योगायोगानं तंतोतंत जागेवर बसला तर उलट जास्तच ठसठशीत होईल. सपाट पठार होणार नाही. ही हरकत या नाण्यापुरती टिकत नाही.

एक पुरावा कायमचा गेला, त्याची हळहळ वाटते. फोटो काढण्याआधी काकांनी नाणं चिंचेनं घासलं. आपल्या घरांत तांब्याची भांडी अशीच घासतात, त्यांना दोष कसा देणार? पण तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर खोलगट भागात आणि बाहेर सारखाच होता का, हे पाहता आलं असतं. सारखा असता तर निदान एवढं कळलं असतं की दाबण्याचं काम फार जुनं आहे. आता दोन्हीकडे गुलाबी चकाकी. पुस्तिकेत ठळक अक्षरांत एकच सूचना द्यायची झाली तर मी ही देईन: जुनं नाणं धुऊ नका, घासू नका, लिंबू-चिंच-राख काही लावू नका.

तर माझ्या मते हे नाणं टांकसाळीची चूक नाही. टांकसाळीतून ते अगदी नीट बाहेर पडलं होतं, नागांसकट.

काका हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे पणजोबा खोटं बोलले?" मला हा प्रश्न नाण्यापेक्षा मोठा वाटतो, म्हणून त्यावर थांबतो. पणजोबा टांकसाळीत होते हे खरं असू शकतं. ज्या कारखान्यात नाणी पडतात तिथे व्हाइसही असतो, आणि दुपारच्या सुटीत गंमत करणारी माणसंही असतात. कदाचित त्यांनीच ते दाबलं, पोरांना दाखवायला. कदाचित पुढच्या पिढीत कोणी दाबलं आणि हकीकत दोन गोष्टींची मिळून एक झाली. घराघरांत असं होतं. पण टांकसाळीत केलेली गंमत ही टांकसाळीची चूक होत नाही. आणि उलटही: नाणं चुकीचं नाही म्हणून पणजोबांची नोकरी खोटी ठरत नाही. त्या नोकरीचा पुरावा नाण्यात शोधण्यापेक्षा दरबारच्या कागदांत शोधावा, पगारपत्रक, नेमणुकीचा हुकूम, पेन्शनीचा अर्ज, घरातली जुनी पत्रं. निबंधात यातलं एकही नाही आणि ही त्याची खरी उणीव आहे. भोपाळच्या राज्य अभिलेखागारात अर्ज करायला काकांबरोबर मी यायला तयार आहे.

मी शहाणपणा शिकवतो आहे असं वाटू नये म्हणून माझं सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका जत्रेतल्या पथारीवरून मी दोन्हीकडे राजाचा मुखवटा असलेला एक पैसा घेतला. दोन्ही बाजूंना उठावाचा, सुलटा. बरीच किंमत मोजली. वर्षभर इथल्या बैठकीत मिरवला. शेवटी सराफ्यातल्या एका वृद्ध गृहस्थांनी तो लाकडी फळीवर टाकला, आवाज ऐकला, आणि काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं. काठाच्या आतल्या बाजूनं केसाएवढी गोल सांध होती. एक नाणं वाटीसारखं कोरलेलं, दुसरं घासून त्यात बसवलेलं. जादूगारांचं नाणं. तेव्हापासून अशा कुठल्याही नाण्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: ठसे, चकती आणि दाब, या तिघांतून तू असं कसं झालास ते सांग. सांगता आलं नाही तर ते टांकसाळीबाहेर झालं.

आणि आता काकांनी स्वतः ज्याला किंमत दिली नाही त्या नाण्याकडे वळतो. निबंधाच्या शेवटी, 'कोणीतरी कानस मारून तांबं चोरलेलं' म्हणून त्यांनी पंचम जॉर्जचा एक पाव आणा दाखवला होता. हा आपल्या दरबारचा नव्हे, ब्रिटिश हिंदुस्थानचा. काठाला चंद्रकोरीसारखी खाच. ती पाहून मी खुर्चीत सरळ बसलो.

१९०६ पासून हे नाणं तांब्याऐवजी कांस्याचं झालं, वजन ७५ ग्रेन, म्हणजे साधारण ४.८६ ग्रॅम. एवढ्या कांस्याच्या किसासाठी कोण कानस चालवेल? चोरी सोन्या-चांदीची करतात. पण हा नुसता तर्क झाला; नाणं काय म्हणतं ते पाहू. चकत्या धातूच्या लांब पट्टीतून ठोकून काढतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावर थोडी चढते आणि तेवढा घास कमी घेऊन बाहेर येते. त्यामुळे खाचेची गोलाई चकतीच्याच गोलाईची असते. मी दुसरा पाव आणा त्या खाचेत ठेवून पाहिला, काठ काठाला बसला. खाचेजवळची अक्षरं एकदम कापलेली नाहीत, खाचेकडे ओढल्यासारखी निमुळती झाली आहेत, कारण दाब पडताना धातूला त्या बाजूला मोकळी जागा होती. कानशीनं अक्षर जिथल्या तिथे तुटतं. आणि शेवटची खूण मला सगळ्यात आवडते: खाचेच्या बरोबर समोरच्या काठाची कड तिथेच तेवढी पुसट आहे. छापाआधी चकतीची कड वळवून उचलतात, त्या वेळी खाचेपाशी दाब द्यायला काही नसल्यानं समोरच्या बाजूलाही दाब पडत नाही. लबाडी करणाऱ्याला खाच करायची आठवण राहते, तिच्या समोरची कड पुसट करायची नाही.

हे टांकसाळीत चुकलेलं नाणं आहे. फार दुर्मीळ नाही, याचे श्रीमंत होता येणार नाही, पण खरं आहे.

श्रीमंतीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट लिहिणं भाग आहे. निबंध वाचल्यानंतर काकांच्या नातवानं लखीचा फोटो इंटरनेटवर टाकला. दोन दिवसांत फोन आला. नाणं लाखांत घेतो, पण आधी नोंदणी आणि कराचे पैसे भरा, रिझर्व्ह बँकेचं पत्र पाठवतो. मुलगा भरणार होता. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सूचना काढली आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. मी ती त्याला वाचून दाखवली. पैसे गेले नाहीत. पण आपल्या संकेतस्थळावर 'अस्सल चूक' असं छापलं असतं तर ते पान त्या फोनवाल्याच्या किंवा उद्या आणखी कोणाच्या उपयोगी पडलं असतं. आपण जे छापतो ते कोणीतरी दाखला म्हणून वापरतं, म्हणून मी टाळ्यांनंतरही हे लिहिलं.

मुखपृष्ठाबद्दल माझी सूचना अशी. लखीसारखं दिसणारं नाणं जरूर छापावं, पण आत, काकांच्या घरच्या हकीकतीबरोबर. खाली एवढंच: 'माधवराव शिंदे, पाव आणा, संवत १९७०. मागील बाजूवर दुसऱ्या नाण्याचा मुखवटा मागाहून दाबलेला.' पंचम जॉर्जचं नाणं शेजारी. काकांना हे मान्य आहे. 'मागाहून' या शब्दावर ते थोडे अडले, मग म्हणाले राहू दे.

एक काम मात्र उरलं आहे. दाबताना दोन नाणी लागतात. ज्याचा मुखवटा इथे उमटला, त्या दुसऱ्या नाण्यावर महाराजांच्या चेहऱ्याभोवती नागांची आणि अक्षरांची पुसट, उलटी खूण राहिली असणार. पणजोबांचा डबा अजून घरात आहे, त्यात बरेच पाव आणे आहेत, आणि ते कोणी चिंचेनं घासलेले नाहीत. पुढच्या बैठकीला काका डबा घेऊन येणार आहेत. भिंग मी आणतो.